कारखाने आणणारा राजा : राजर्षी शाहू

सेनगावच्या बसस्थानकाजवळ चहाच्या टपरीवर अलीकडे एक विषय हमखास निघतो. बिडकीनला टोयोटा येणार आहे! आयटीआय झालेली आमच्या वस्तीवरची पोरं मोबाईलवरची बातमी आमच्यापुढे धरतात आणि वकीलसाहेब, तिथे आपले काही जमेल का, असे विचारतात. पोरांच्या डोळ्यांत आशा असते. बाजूला बसलेले त्यांचे बाप मात्र गप्प असतात. कुणी ऊसतोडीहून परतलेला असतो, कुणी वाळूजला दहा-बारा वर्षे ठेकेदाराकडे राबून रिकाम्या हाताने गावी आलेला असतो. कारखाना येणे वेगळे आणि कारखान्याच्या फाटकातून आत जायला मिळणे वेगळे, हे त्यांना कायद्याचे पुस्तक न वाचताच कळलेले असते.

पोरांचा प्रश्न खरा आहे. औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांवर ऑरिक नावाची नियोजित औद्योगिक नगरी उभी राहत आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा हा भाग. राज्याच्या एमआयडीसीचा ५१ टक्के आणि केंद्राच्या यंत्रणेचा ४९ टक्के वाटा असलेली कंपनी तिचा कारभार पाहते. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या ऑरिक सभागृहाचे उद्घाटन झाले. ह्योसंग ही कोरियन कंपनी शेंद्र्यात आली. २०२४ साली टोयोटा किर्लोस्करने सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या, तर एथरने सुमारे २,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी बोलणी पक्की केली. कारखानदाराने यावे म्हणून सरकार काय काय देते? तयार भूखंड, रुंद रस्ते, जमिनीखालून वीज, पाणी, मुद्रांक शुल्कात माफी, वीज शुल्कात माफी, भरलेल्या जीएसटीचा परतावा! ही सगळी जनतेची संपत्ती आहे. जनतेत आम्हीही आलोच.

उद्योग येण्याला आमचा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात शेतीवर पडलेला माणसांचा बोजा कमी करायचा तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत, हे शास्त्रशुद्ध रीतीने मांडले होते. आंबेडकरी माणूस कारखान्याला घाबरत नाही. गावगाड्यापेक्षा कारखाना त्याला कधीही जवळचा. प्रश्न एवढाच की, कारखानदाराला बोलावणाऱ्या राज्याने आपल्या सर्वांत खालच्या माणसासाठी कोणती व्यवस्था करून ठेवली आहे?

हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्याच एका राजापुढे तो उभा राहिला होता. दरवर्षी २६ जूनला आपण त्या राजाच्या प्रतिमेला हार घालतो, सामाजिक न्याय दिन साजरा करतो. आरक्षणाचा जनक म्हणून, माणगाव परिषदेतला बाबासाहेबांचा पाठीराखा म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे आणि ते योग्यच आहे. पण रेल्वे, बाजारपेठ, गिरणी आणि धरण बांधणारा, व्यापाऱ्याला आणि कारखान्याला आपल्या राज्यात जागा करून देणारा राजा म्हणून आपण त्याच्याकडे फारसे पाहिलेले नाही. म्हणून आज राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचे हे चरित्र नव्याने वाचण्याची गरज आम्हाला वाटते.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला. नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. लहान वयातच आईचे छत्र हरपले. तिकडे कोल्हापूरच्या गादीवरचे चौथे शिवाजी महाराज डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला इंग्रजांच्या नजरकैदेत मरण पावले. वेडे ठरवून कोंडून ठेवलेल्या त्या तरुण राजाचा शेवट करुण होता. त्यांच्या विधवा राणी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि दहा वर्षांचे पोर शाहू छत्रपती झाले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे धारवाडला फ्रेजर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

हाती काय आले होते? राज्य मराठ्यांचे म्हणवले जात होते, पण कारभार होता एका जातीच्या हाती. सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. कारकुनांची संख्या ५०० च्या घरात, त्यात ब्राह्मणेतर दहाच्या आसपास. अस्पृश्यांचा तर हिशेबच नव्हता. गावोगाव कुलकर्णी वतनदार, त्याच्या हातात दप्तर, आणि दप्तरात रयतेचा जीव. शाहूंनी राज्याचा दौरा केला तेव्हा हे सारे डोळ्यांनी पाहिले.

आता त्यांच्या आर्थिक धोरणाकडे वळू. कोल्हापूरला मिरजेशी जोडणाऱ्या रेल्वेच्या कामाचा मुहूर्त १८८८ मध्ये शाहूंच्याच हस्ते झाला होता, तेव्हा ते जेमतेम चौदा वर्षांचे होते. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. रेल्वे आली म्हणजे आपोआप भरभराट येत नाही. मालगाडी कच्चा माल बाहेर घेऊन जाते आणि बाहेरचा पक्का माल आत आणते. गरीब मुलूख त्यातून आणखी गरीब होऊ शकतो. शाहूंनी याची दखल घेतली. कारभार हाती आल्यावर दुसऱ्याच वर्षी, १८९५ मध्ये, रेल्वे स्टेशनच्या बाजूला त्यांनी शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसवली. व्यापाऱ्यांना जागा दिल्या, वखारी बांधू दिल्या. कोल्हापूरच्या मातीत पिकणारा ऊस, त्याचा गूळ आणि गुळाला देशभर नेणारी गाडी, या तिन्हींची गाठ त्या पेठेत पडली. कोल्हापुरी गुळाचे नाव झाले त्यामागे ही योजना आहे.

लगेच १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग. तरुण राजाची परीक्षाच ती. त्यांनी दुष्काळी कामे काढली, रस्ते आणि विहिरी तयार करून घेतल्या, स्वस्त धान्याची दुकाने उघडली. कामावर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या पोरांना सांभाळण्याची सोय केली. आज मोठमोठ्या औद्योगिक वसाहतींत पाळणाघरासाठी कायद्याचा बडगा दाखवावा लागतो, हे आम्ही वकील म्हणून जाणतो. शाहूंनी ते सव्वाशे वर्षांपूर्वी खडी फोडणाऱ्या बाईसाठी केले.

पुढे वेदोक्ताचे प्रकरण घडले. राजघराण्यातील धार्मिक विधी वेदोक्त मंत्रांनी करण्यास पुरोहिताने नकार दिला, राजालाही शूद्र ठरवले. गादीवर बसलेल्याची ही गत, तर महारवाड्यात राहणाऱ्याची काय असेल, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. अपमान झाल्यावर पुष्कळ लोक स्वतःपुरता मान मिळवतात आणि थांबतात. शाहू थांबले नाहीत. स्वतःच्या अपमानातून ते खालच्या माणसाच्या अपमानापर्यंत पोहोचले. त्यांचे मोठेपण इथे आहे.

१९०२ मध्ये ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. युरोपात फिरताना त्यांनी कारखाने पाहिले, पाटबंधारे पाहिले. आणि याच दौऱ्यात, २६ जुलै १९०२ रोजी, राज्याच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम त्यांनी काढला. एका हाताने ते आधुनिक उद्योगाची पाहणी करत होते आणि दुसऱ्या हाताने आरक्षणाच्या हुकमावर सही करत होते! आज आम्हाला सांगितले जाते की आरक्षण आणि विकास यांचे जमत नाही, गुंतवणूकदार बिचकतात. शाहूंच्या आयुष्यात ही दोन्ही कामे एकाच वर्षात, एकाच माणसाने केली आहेत.

युरोपातून परतल्यावर कामाचा वेग वाढला. २७ सप्टेंबर १९०६ रोजी कोल्हापुरात शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची स्थापना झाली. कापूस बाहेर जाऊन कापड होऊन परत येण्याऐवजी सूत इथेच निघावे आणि इथल्या हातांना काम मिळावे, हा हेतू. त्याच सुमारास, १९०४ मध्ये, कोल्हापूरच्या छत्राखालील इचलकरंजीच्या जहागिरीत पहिला यंत्रमाग सुरू झाला होता. शेजारच्या औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा राजाने कुंडलजवळ त्यांना माळरान दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे कारखानदाराला जमीन देऊन बोलावण्याची रीत आपल्याकडे आजची नाही. आज टोयोटाच्या शेजारी जे किर्लोस्कर नाव वाचायला मिळते, त्या घराण्याचा कारखाना सुद्धा एका संस्थानिकाने दिलेल्या जमिनीवरच वाढला, हे लक्षात ठेवावे. कुठलाच कारखानदार केवळ स्वतःच्या कर्तबगारीवर मोठा होत नाही. त्याला कुणीतरी जमीन देते, पाणी देते, कर्ज देते. मग आम्ही मदत मागितली की तेवढी खिरापत कशी ठरते?

पाण्याशिवाय ना शेती ना कारखाना. १९०७ च्या सुमारास शाहूंनी भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याची योजना हाती घेतली. लेकीच्या नावाने राधानगरी गाव वसवले. एका लहान संस्थानाच्या तिजोरीला न पेलणारे ते काम होते. महायुद्धाच्या काळात महागाई वाढली, पैसा संपला आणि १९१८ मध्ये काम थांबले. धरण पूर्ण झाले ते १९५७ मध्ये, राजा जाऊन पस्तीस वर्षे झाल्यावर. पण पाया त्यांनी घालून ठेवला होता. आजचा पंचगंगेकाठचा हिरवागार मुलूख, त्यातले साखर कारखाने, सहकाराचा डोलारा, हे सारे त्या पायावर उभे आहे.

१९१७ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने जयसिंगपूर ही पेठ वसवली. रेल्वे स्टेशनजवळ मोकळ्या माळावर आखलेले गाव, सरळ रुंद रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या. व्यापाऱ्यांना सवलती देऊन तिथे आणले. आजच्या भाषेत बोलायचे तर ती त्या काळची नियोजित नगरीच! जिथे काही नव्हते तिथे आधी रस्ता, मग भूखंड, मग व्यापारी, मग वस्ती. ऑरिकचे अधिकारी आज जे नकाशे दाखवतात त्यांतला क्रम हाच आहे.

पण इथेच शाहूंचा आणि आजच्या राज्यकर्त्यांचा रस्ता वेगळा होतो. आजचे राज्यकर्ते पेठ वसवतात आणि मानतात की आता तिची फळे आपोआप खाली झिरपतील. शाहूंना झिरपण्यावर विश्वास नव्हता. गावगाड्यात जखडलेला माणूस पेठेपर्यंत पोहोचूच शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून पेठेबरोबर त्यांनी त्या माणसाचे साखळदंड तोडायला घेतले.

पहिला साखळदंड अज्ञानाचा. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून त्यांनी कोल्हापुरात जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करण्यास हातभार लावला. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचे तर शाळा असून भागत नाही, रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. ही अगदी साधी गोष्ट. पण ती ध्यानात येण्यासाठी राजाला गरिबाच्या घरात डोकवावे लागते. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड बसवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम दिला.

दुसरा साखळदंड वतनाचा. महार वतन म्हणजे तुकडाभर जमीन आणि त्या बदल्यात अख्ख्या घराण्याने दिवसरात्र सरकारची आणि गावाची वेठ करायची! वतनदार महार गाव सोडून जाऊ शकत नव्हता. मग त्याने गिरणीत कसे जावे? पेठेत हमाली तरी कशी करावी? १९१८ मध्ये शाहूंनी महार वतन रद्द केले आणि वतनाच्या जमिनी त्या त्या माणसाच्या नावावर रयताव्याने करून दिल्या. त्याच वर्षी कुलकर्णी वतनही रद्द करून पगारी तलाठी नेमले आणि त्या जागांवर अस्पृश्य तरुणही घेतले. बलुतेदारीची सक्ती संपवली. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली. आमच्या मते उद्योगधंद्याच्या दृष्टीने हा शाहूंचा सर्वांत मोठा निर्णय आहे. कारखान्याला मोकळा मजूर लागतो आणि मजुराला मोकळेपण लागते. ब्रिटिश मुंबई इलाख्यात हाच लढा बाबासाहेबांना १९२८ पासून विधिमंडळात लढावा लागला आणि तिथे कनिष्ठ वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. कोल्हापूर चाळीस वर्षे पुढे होते!

तिसरा साखळदंड धंद्याच्या बंदीचा. इथे गंगाराम कांबळे यांची हकीकत सांगितली पाहिजे. गंगाराम हे महाराजांच्या पागेत चाकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून सवर्ण चाकरांनी त्यांना बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली आणि गंगारामांना चाकरीऐवजी स्वतःचा धंदा काढायला सांगितले. गंगारामांनी कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचे हॉटेल थाटले. महाराचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा छत्रपती स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले, सोबतच्या सरदार-मानकऱ्यांना पाजू लागले. अर्जावर सही हवी असणाऱ्याला त्या हॉटेलात गाठ घ्यावी लागे आणि चहा घ्यावा लागे.

ही गोष्ट आपण नेहमी अस्पृश्यता निवारणाची म्हणून सांगतो. आम्हाला ती अर्थशास्त्राची वाटते. दुकान काढायला भांडवल मिळेलही, पण जातीमुळे गिऱ्हाईक मिळत नसेल तर दुकान बुडणारच. अशा वेळी राज्याने पहिले गिऱ्हाईक व्हायचे असते. शाहूंनी नेमके ते केले. जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याला त्यांनी जागा दिली, कारण त्याला फक्त जागेची गरज होती. गंगारामला त्यांनी गिऱ्हाईक दिले, कारण त्याला गिऱ्हाइकाची गरज होती. ज्याला जे हवे ते ओळखून देणे, याला राज्यकारभार म्हणतात.

आणि एक गोष्ट आमच्या अंगावरच्या काळ्या कोटाशी निगडित आहे. शाहूंनी अस्पृश्य तरुणांना आपल्या संस्थानात वकिलीच्या सनदा दिल्या. ज्याला कोर्टाच्या पायरीवरही उभे राहू देत नव्हते, तो माणूस कोर्टात उभा राहून बाजू मांडू लागला. आम्ही जेव्हा तालुक्याच्या कोर्टात गायरानाच्या एखाद्या प्रकरणात उभे राहतो, तेव्हा आमच्या मागे ती माणसे उभी असतात असे आम्हाला वाटते.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी मूकनायक सुरू केले. शाहूंनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते स्वतः आले आणि अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी जाहीर केले. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षे. गंगाराम कांबळे आणि त्यांच्या बांधवांनी १९२५ मध्ये वर्गणी काढून कोल्हापुरात आपल्या राजाचे स्मारक उभारले. सरदारांच्या आधी, व्यापाऱ्यांच्या आधी, ज्यांच्याकडे सर्वांत कमी होते त्यांनी ते उभारले.

शाहूंच्या कामाला मर्यादा होत्या, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. व्यापारी पेठेतल्या मोक्याच्या जागा ज्यांच्याकडे आधीच पैसा होता त्यांच्याकडे गेल्या. एका राजाच्या इच्छेवर चाललेल्या गोष्टी राजा गेल्यावर मंदावतात, त्याही मंदावल्या. शाहू मिलचा भोंगा बंद होऊन बरीच वर्षे झाली. म्हणूनच बाबासाहेबांनी हक्क राजाच्या दयेवर न सोडता संविधानात लिहिले. शाहूंनी जे हुकमाने दिले ते बाबासाहेबांनी कायद्याने दिले. आता ते वसूल करणे आपल्याकडे आहे.

आमचा मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. इथे शाहू नव्हते. इनामे रद्द करणारा कायदा हैदराबाद राज्यात आला तो १९५४ मध्ये. जमीन मिळाली नाही म्हणून आमच्या माणसांनी गायरान कसले. त्यासाठी मार खाल्ला, तुरुंग भोगला. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात मराठवाडा पुढे होता. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, पण किती जणांच्या हाती सातबारा पडला? सेनगाव तालुक्यात फिरून पाहा. तीन पिढ्या कसत असलेल्या जमिनीचा एक कागद नसलेली घरे आजही सापडतात.

आता औद्योगिक नगरी, महामार्ग आणि सौर प्रकल्प यांना जमीन हवी आहे. जमीन संपादन होते तेव्हा मोबदला सातबारावरच्या नावाला मिळतो. गायरान तर सरकारचेच! तिथे कसणाऱ्याला मोबदला नाही, फक्त नोटीस. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाच्या व्याख्येत भूमिहीन शेतमजूर आणि कूळ यांनाही आणले आहे, संपादनापूर्वी तीन वर्षे त्याच जमिनीवर पोट असेल तर. पण एमआयडीसी जमीन घेते ती १९६१ च्या आपल्या स्वतंत्र कायद्याखाली. तिथे शेतमजुराची दखल कोण घेणार? शाहूंनी वतनाची जमीन महाराच्या नावावर केली, मग पेठेची गोष्ट केली. आमच्याकडे नाव लावायचे राहून गेले आणि पेठ आधी आली.

नोकऱ्यांचे पाहा. सवलती घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय नसलेल्या ८० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, असे राज्याचे धोरण आहे. इथे स्थानिक म्हणजे पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहणारा. त्यात सेनगावचा पोरगा कुठे आणि बौद्ध पोरगा कुठे? कुणी मोजत नाही. जे मोजले जात नाही ते दिले जात नाही, हे शाहूंना ठाऊक होते. म्हणून त्यांनी ७१ पैकी ६० हा हिशेब आधी मांडला आणि मग ५० टक्क्यांचा हुकूम काढला.

धंद्याचे पाहा. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी भूखंडात सवलती आहेत. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या खरेदीतील ४ टक्के खरेदी त्यांच्याकडून करावी, असे २०१२ पासूनचे धोरण आहे. कागदावर ही गंगारामच्या हॉटेलातल्या चहाचीच व्यवस्था आहे! पण सरकारी खात्यांतले किती अधिकारी तो चहा प्यायला गाडी थांबवतात? आणि कोट्यवधींच्या सवलती घेणाऱ्या खासगी कारखान्याला तर ही अटच नाही.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. बिडकीन-शेंद्र्यात मराठवाड्यातील खेड्यांतून येणाऱ्या तरुण-तरुणींसाठी स्वस्त वसतिगृहे बांधा. सेनगावचा पोरगा पंधरा हजारांच्या पगारातले सहा हजार खोलीभाड्याला देऊन टिकणार नाही. सवलती घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने किती स्थानिक, कोणत्या जिल्ह्याचे, कोणत्या प्रवर्गाचे आणि किती जण कायम घेतले, याची यादी दरवर्षी जाहीर करावी. त्यांच्या खरेदीतील काही हिस्सा आमच्या लघुउद्योजकांकडून घेण्याची अट करारात लिहावी. संपादनापूर्वी गायरानधारकांची आणि शेतमजुरांची मोजणी करून त्यांना बाधित धरावे. आणि सारेच कारखाने संभाजीनगरच्या आसपास न नेता, आमच्या जिल्ह्यात जे पिकते त्यावरचे उद्योग इथे आणावेत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण सेनगावची हळद आणि सोयाबीन अजून पोत्यात भरून कच्चेच बाहेर जाते. शाहूंनी गुळाजवळ पेठ नेली आणि कापसासाठी गिरणी काढली. हळदीजवळ कारखाना आणायला आणखी किती वर्षे लागणार?

आणि थोडे आपल्या चळवळीलाही सांगायचे आहे. कारखाना आल्यावर फाटकाबाहेर आंदोलन करण्यात आपण तरबेज आहोत. करार होण्याआधी त्यातल्या अटी वाचण्याची सवय मात्र आपल्याला नाही. शाहू आणि बाबासाहेब दोघेही कागद वाचणारे होते. प्रत्येक तालुक्यात दोन वकील, दोन अभियंते आणि आयटीआयचे पाच निदेशक एकत्र बसले, तर माहिती अधिकारात या करारांची कागदपत्रे मागवता येतील, पोरांना योग्य ट्रेड निवडून देता येईल, भूखंडाचा अर्ज वेळेत भरता येईल. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग या कामाला लागला तर शाहू महाराजांना त्यात आनंदच वाटेल.

टपरीवरच्या पोरांना आम्ही खोटी आशा देत नाही आणि निराशही करत नाही. कारखाने येतील. येऊ द्या. पण व्यापाऱ्याला पेठ देणाऱ्या राजाने गंगारामच्या हॉटेलात चहाही घेतला होता, याची आठवण मुंबईच्या मंत्रालयाला आणि संभाजीनगरच्या ऑरिक सभागृहाला पुन्हा पुन्हा करून द्यावी लागेल. ते काम आपले आहे.

जयभीम!